भांडं घ्यावं तोलून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत घराघरांत एकच काम चाललं होतं. गाळ उपसायचा आणि त्यात सापडतील ती भांडी धुऊन उन्हात पालथी घालायची. बाहेरून मदत येत होती. तांदूळ, चादरी, औषधं, आणि भांड्यांचे संच. अशाच एका मदत केंद्रावर मी वाटपाला होतो. चकचकीत खोक्यात सहा ताटं, सहा वाट्या, पेले आणि एकात एक बसणारी तीन पातेली. एका आजींनी त्यातलं मोठं पातेलं उचललं आणि अंगठ्यानं त्याचं बूड दाबलं. पत्रा टक् करून आत गेला, टक् करून बाहेर आला. "दिसाय लई हाय बाबा, पर भात ह्यात करपतुया," एवढंच त्या म्हणाल्या आणि संच काखेला मारून गेल्या.

आजींनी घेतली ती परीक्षा भर दुकानात घ्यायला आपण संकोचतो. कापड चुरगाळून बघतो, वांग्याचा देठ बघतो, नारळ कानाशी हलवून बघतो. भांड्यांच्या दुकानात मात्र नजर जाते ती चकाकीवर आणि चिठ्ठीवरच्या आकड्यावर. ज्याच्या हातात पैसा मोजका आहे, त्याला हे सगळ्यांत महाग पडतं. पातळ पातेलं चार वर्षांत पुन्हा घ्यावं लागतं, आणि मधल्या काळात करपलेल्या भाताचा आणि जाळलेल्या गॅसचा हिशेब कुणी ठेवत नाही. भांड्यात धातू किती आहे, तो आच कशी वाहून नेतो, बिघडलं तर ते दुरुस्त होतं का, आणि शेवटी मोडीत काय येतं, एवढं सगळं मिळून त्याची खरी किंमत ठरते.

आधी आचेचं बघू. गॅसची ज्योत पातेल्याच्या बुडाला सगळीकडे सारखी लागत नाही, एका कड्यात लागते. ती उष्णता धातूनं पसरवायची असते. या कामात तांबं सगळ्यांच्या पुढं. अ‍ॅल्युमिनियमची शक्ती तांब्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, पितळेची पाव हिश्शाच्या आसपास, बिडाची साधारण आठवा हिस्सा. आणि आपलं लाडकं स्टेनलेस स्टील? तांब्याच्या जेमतेम पंचविसावा हिस्सा. म्हणजे ज्योत जिथं लागते तिथंच ते तापतं आणि बाजूला गारच राहतं. पातळ स्टीलच्या पातेल्यात म्हशीचं दूध तापवलं की बुडाला ज्योतीच्या आकाराचं पिवळं कडं उमटतं, ते यामुळंच. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध उभ्यानं पिणाऱ्याला ही चिंता नाही, पण घरी दोन लिटर तापवणाऱ्याला आहे. आपल्या पांढऱ्या रश्श्याचंही तसंच. त्यात नारळाचं दूध असतं, आणि एकाच जागी आच भडकली की ते फुटतं. कांदा-लसूण चटणी घातलेला तांबडा रस्सा फुटत नाही, पण तळाला धरतो आणि सगळ्या हंडीला करपट वास देतो. अशा वेळी आपण बाईच्या हाताला बोल लावतो. दोष बुडाचा असतो.

मग स्टील वाईट का? मुळीच नाही. आंबट-खारट कशानंही ते कळकत नाही, गंजत नाही, घासायला सोपं, आपटलं तरी फुटत नाही. म्हणून तर एका पिढीनं घरातली पितळ मोडीत घातली आणि बोहारणीकडून जुन्या लुगड्यांवर स्टील घेतलं. बोहारीण मोठी हुशार. एखादी बाई दोन साड्यांवर मोठं पातेलं मागायला लागली की ती टोपलीच्या तळातून मोठं पातेलं काढायची खरी, पण फुंकर मारली तर उडेल असं. आकार गिऱ्हाइकाचा, वजन तिचं! आजही दुकानात हाच खेळ चालतो, फक्त टोपली राहिली नाही.

म्हणून पहिली गोष्ट, पातेलं तोलून बघा. पत्र्याची जाडी दुकानदार गेजमध्ये सांगतात, आणि त्यात एक गंमत आहे. आकडा जितका मोठा, पत्रा तितका पातळ. २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९, १८ म्हणजे १.२ आणि १६ म्हणजे १.६. वीस सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, तीन लिटरचं सरळ उभं पातेलं धरा. २२ गेजचं असेल तर ते सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास भरेल, १८ गेजचं असेल तर नऊशेच्या जवळ. शेजारी-शेजारी ठेवली तर दोन्ही जुळी दिसतील. दुकानातल्या काट्यावर ठेवली की बोलायला लागतील. पुष्कळ दुकानांत साधी स्टीलची भांडी किलोवर विकतात, तिथं तर काटा समोरच असतो. नगावर विकणाऱ्यालाही वजन करून दाखवायला सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट लोहचुंबकाची. काही दुकानदार खिशातून चुंबक काढतात, पातेल्याला लावतात, तो चिकटत नाही असं दाखवतात आणि "हे एक नंबर स्टील" म्हणतात. ही परीक्षा अर्धवट आहे. चांगल्या समजल्या जाणाऱ्या ३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि त्याला चुंबक चिकटत नाही हे खरं. पण निकेल महाग म्हणून ते कमी करून त्या जागी मँगनीज घातलेलं २०२ जातीचं स्वस्त स्टीलही चुंबकाला दाद देत नाही. दोघांत फरक पडतो तो टिकण्यात. मीठ, चिंच, लोणच्याचा खार यांच्यापुढं २०२ वर लवकर बारीक टिपके पडतात. तेव्हा चुंबकापेक्षा भांड्यावरचा ठसा वाचा आणि पावतीवर स्टीलची जात लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर उत्तर मिळालंच. चुंबकाचा खरा उपयोग वेगळा आहे. विजेच्या इंडक्शन शेगडीवर तेच भांडं तापतं ज्याच्या बुडाला चुंबक घट्ट चिकटतो. घरी तशी शेगडी असेल, तर चुंबक तुम्ही खिशात घालून जा.

जाड स्टीलही आच पसरवण्यात मागंच, म्हणून बनवणाऱ्यांनी वाट काढली. स्टीलच्या बुडाखाली अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती बसवायची, किंवा दोन स्टीलच्या पत्र्यांत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दाबून अख्खं भांडंच त्याचं करायचं. या दुसऱ्या प्रकाराला ट्राय-प्लाय म्हणतात. किंमत जास्त, पण रोज दूध, खीर, रस्सा करणाऱ्या घरात असं एक भांडं पैसे वसूल करतं. एकच, बरं का. पाणी उकळायला आणि बटाटे शिजवायला त्याची गरज नाही. आणि बाहेरून तांबूस दिसणाऱ्या 'कॉपर बॉटम'वर भाळू नका. बहुतेक वेळा तो तांब्याचा नुसता मुलामा असतो, बघायला छान.

अ‍ॅल्युमिनियमला आपल्याकडं अजून 'जर्मन' म्हणतात. जर्मन सिल्व्हर हा तांबं, निकेल, जस्ताचा वेगळाच मिश्रधातू, त्याचं नाव याला चिकटलं. जड, चांगल्या जाडीचं अ‍ॅल्युमिनियम पातेलं हे कमी पैशातलं सगळ्यांत कामाचं भांडं आहे. धातू हलका, स्टीलच्या एक-तृतीयांश वजनाचा, त्यामुळं मघाच्याच आकाराचं तीन मिलिमीटर जाडीचं पातेलंही पाऊण किलोच्या आसपासच भरतं, आणि भात त्यात सहसा लागत नाही. मात्र चिंच, टोमॅटो, कोकम, ताक यांना ते सोसत नाही. आंबट पदार्थ त्यात शिजवून तसाच रात्रभर ठेवू नये.

यात एक धोका आहे, तो ठसठशीत सांगायला हवा. भंगार वितळवून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये काय काय मिसळलं आहे हे डोळ्यांना दिसत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बाहेरून आलेल्या काही भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं असा इशारा दिला, आणि त्यात हिंडालियम, इंडालियम या नावांनी विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूंचा उल्लेख होता. म्हणजे सगळं हिंडालियम विषारी असा अर्थ नाही. पण रस्त्यावर ढिगानं विकायला ठेवलेलं, ना नाव ना ठसा असलेलं भांडं लहान मुलांच्या घरात नेऊ नये. शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं आणि ते शरीरात साठत जातं. केंद्र सरकारनं २०२४ साली स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय खुणेच्या सक्तीचा आदेश काढला होता. ती खूण शोधायची सवय लावून घ्यावी. प्रेशर कुकरला तर ती नसेल तर हातही लावू नये. आणि कुकर घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा, "याची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह इथंच मिळतो का?" ज्याचे सुटे भाग गावात मिळत नाहीत, तो कुकर कितीही सवलतीत मिळाला तरी महागच.

लोखंडाकडं येऊ. कोल्हापूरकरांना बीड म्हणजे काय हे सांगायला नको. उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गाड्यांचे नि ट्रॅक्टरचे भाग ओततात. तोच धातू तव्याच्या रूपात घरी येतो. बिडाचा तवा उशिरा तापतो आणि तापला की आच धरून ठेवतो, म्हणून घावन, धिरडं, थालीपीठ त्यावर सुरेख सुटतं. पण त्यात कार्बन जास्त, त्यामुळं तो ठिसूळ. हातातून फरशीवर पडला किंवा लालबुंद तव्यावर गार पाणी ओतलं तर तडकतो. जोंधळ्याच्या भाकरीला वरून पाणी फिरवायचं असतं, तिथं साध्या लोखंडी पत्र्याचा जाड तवाच बरा. तो ठिसूळ नाही आणि बिडापेक्षा स्वस्तही. बिडाचा तवा घेताना उजेडाकडं तिरका धरा. ओतताना राहिलेली बारीक छिद्रं दिसली तर तो परत ठेवा, आमच्या साचेकारांच्या नजरेतून ती सुटत नाहीत. नखानं खरवडून काळा रंग निघाला तरी परत ठेवा.

नवा तवा साबणानं एकदाच धुवायचा, विस्तवावर कोरडा करायचा, शेंगतेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि धूर येईपर्यंत तापवायचा. गार झाला की पुन्हा तेल, पुन्हा आच. चार-पाच वेळा असं केलं की तेलाचा धातूवर टणक थर बसतो आणि तवा काळाभोर, गुळगुळीत होतो. पुढं रोजच्या वापरानं तो सुधारतच जातो. मला वाटतं, वापरानं चांगलं होत जाणारं हे स्वयंपाकघरातलं एकमेव भांडं. लोखंडी कढईत केलेल्या भाजी-आमटीत थोडं लोह उतरतं, आंबट असेल तर जास्त. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. एका कढईनं हा प्रश्न सुटत नाही, गोळ्या आणि पोटभर जेवण लागतंच. पण जी कढई घ्यायचीच आहे, ती लोखंडी घ्यायला काय हरकत आहे?

नॉनस्टिकबद्दल थोडक्यात. त्याच्या थराला साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये, आणि मोठ्या गॅसवर रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर जातो. लाकडी कालथा, मंद आच, मऊ घासणी एवढं जमत असेल तर घ्या. थर निघाला की ते भांडं संपलं. त्याला सहसा दुरुस्ती नाही. पुरात बुडालेल्या घरांत हे लख्ख दिसलं. ओरखडे पडलेली ती तव्या-कढयांची जोडी थेट कचऱ्यात गेली. शेजारची पितळी परात चिंच लावून घासली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात पीठ मळलं.

तांब्या-पितळेचं म्हणाल, तर माझा जीव त्यांच्यात अडकलेला आहे, हे आधीच सांगतो. आमच्या मोहल्ल्यात लग्नाला, उरुसाला जमातीच्या तांब्याच्या देगा निघायच्या, आणि त्याआधी कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भट्टी, चामड्याचा भाता, कोळसा. देग तापली की तो आत नवसागराची पूड टाकायचा. पांढरा धूर भसकन वर यायचा. धातूवर बसलेला काळपट थर नवसागरानं निघतो, तेवढ्या क्षणात कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सर्रकन फिरवायचं. तांबूस पोटात चांदणं पसरल्यासारखं दिसायचं. कल्हई हा शब्द मुळात अरबी 'कलई', म्हणजे कथील. मराठीनं त्यात एक 'ह' घातला आणि तो आपल्या घरचा करून घेतला.

हा शौक नव्हता, गरज होती. उघड्या तांब्या-पितळेत ताक, चिंच, टोमॅटो ठेवलं तर ते कळकतं. धातूचे क्षार अन्नात उतरतात, मळमळ आणि उलट्या होतात. कथील मध्ये आलं की ते थांबतं. पण कथील वितळतं २३२ अंशांना. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं कधी विस्तवावर ठेवू नये, आणि आतून तारेच्या घासणीनं घासू नये. आतला तांबूस किंवा पिवळा रंग दिसायला लागला की पुन्हा कल्हई करायची. पुण्याच्या तांबट आळीतली ठोक्याची भांडी किंवा नाशिकची पितळ आज पुन्हा हौसेनं घेतात. घेणाऱ्यानं आधी एवढं विचारावं : आपल्या गावात कल्हईवाला उरला आहे का? नसेल, तर ते पातेलं वर्षभरात फळीवर शोभेला बसणार.

कल्हईवाला मिळाला, तरी त्याचं कथील शुद्ध आहे का हे बघा. डाग द्यायच्या कथलात शिसं मिसळलेलं असतं, आणि ते स्वस्त पडतं म्हणून कुणी कुणी तेच फिरवतो. ओळखायची जुनी खूण आहे. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून करकर असा बारीक आवाज येतो, शिसं मिसळलं की तो विरतो. शिवाय शिसं कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते. कल्हईवाल्याच्या हातातली कांडी मागून घ्या आणि वहीच्या पानावर ओढून बघा. चांगला कारागीर रागावत नाही, उलट गिऱ्हाईक जाणतं आहे म्हणून मन लावून काम करतो.

मग नवं घर मांडणाऱ्यानं, किंवा पुरात सगळं गेलेल्यानं, सुरुवात कशानं करावी? मी तरी संच घेणार नाही. चार माणसांच्या घराला आयएसआय खुणेचा पाच लिटरचा कुकर, भातासाठी आणि रश्श्यासाठी एक जड बुडाचं पातेलं, आंबट आमटीसाठी आणि दुधासाठी १८ गेजची स्टीलची दोन, लोखंडी तवा, लोखंडी कढई, एक परात. पहिलं वर्ष एवढ्यावर निघतं. ताट-वाट्या पातळ असल्या तरी चालतात, त्यांना विस्तव माहीत नसतो. तेव्हा पैसा बुडात घाला, ताटात वाचवा. रुखवतावर मांडायच्या भांड्यांनाही हाच हिशेब लावता आला तर किती बरं होईल! तिथं नगांची संख्या मोजतात आणि मुलगी सासरी गेली की त्यातली निम्मी माळ्यावर जातात. मामानं आणि आत्यानं मिळून एकच जड पातेलं दिलं तर ते रोज चुलीवर चढेल.

घरात जुनी तांब्या-पितळेची भांडी असतील, तर मोडीला घालण्यापूर्वी दोन दुकानांत वजन आणि भाव विचारा, आणि जाड बुडाचं एखादं तरी ठेवून कल्हई करून घ्या. तेवढ्या जाडीचं नवं घ्यायला गेलात तर मोडीच्या पैशांत येणार नाही.

आणि नवीन भांड्यावर नाव घालून घ्या. पुष्कळ दुकानदार ते फुकट घालून देतात. काठाखाली, बाहेरच्या अंगाला घालायला सांगा, बुडावर घातलेलं घासून जातं. नावापुढं साल मात्र आवर्जून घाला. आमच्या अम्माच्या पातेल्यावर आजोबांचं नाव मराठीत आहे आणि पुढं १९६६. तिच्या हयातीत त्याला किती वेळा कल्हई झाली ते तिला तोंडपाठ असायचं. शेजारच्या फळीवर २०१४ चं एक स्टीलचं आहे, त्याचा कान दोनदा बसवून झाला. पुढचं पातेलं कुठल्या दुकानातून, कुठल्या जाडीचं घ्यायचं, हे आम्ही त्या सालांकडं बघूनच ठरवतो.